पुस्तक अर्धवट सोडण्याचा निर्णय कधी घ्यावा?

प्रश्न : पैलतीर (सांगली)

सर्व वाचकांना नमस्कार.

पुस्तक अर्ध्यावर सोडणे योग्य की अयोग्य, हा माझा प्रश्न नाही. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची जी यादी मांडली, तिच्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की हा हक्क नेमका कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या खुणा पाहून बजावावा.

सध्या माझ्यासमोर भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही २०१० साली प्रसिद्ध झालेली, सुमारे सहाशे पानांची कादंबरी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेरावाला वडिलांच्या आजारपणाची बातमी कळते आणि तो खानदेशातल्या मोरगावाकडे निघतो, इथपर्यंतचा भाग मी मोठ्या ओढीने वाचला. त्यानंतर आठवणींना आठवणी फुटत जातात, माणसे येतात आणि जातात, आणि पावणेदोनशे पानांच्या आसपास माझी गती इतकी मंदावली, की रात्री पुस्तक उघडल्यावर आदल्या दिवशीची शेवटची दोन पाने पुन्हा वाचल्याशिवाय धागाच हाती लागत नाही. याच लेखकाची ‘कोसला’ मला अतिशय प्रिय असल्यामुळे, लेखक माझ्या प्रकृतीला मानवत नाही असे म्हणून मोकळेही होता येत नाही.

अमेरिकेतील सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम येथे अनेकांना ठाऊक असेल. वय पन्नास किंवा त्याहून कमी असेल तर पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत. वय त्याहून जास्त असेल तर शंभरातून वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने द्यावीत. वय वाढते तसा हाताशी वेळ कमी उरतो, हा त्यामागचा विचार मला पटतो. परंतु सहाशे पानांच्या कादंबरीची पन्नास पाने म्हणजे जेमतेम बारावा हिस्सा, आणि दीडशे पानांच्या कादंबरीची तीच पन्नास पाने म्हणजे एक तृतीयांश. दोन्हींना एकच माप कसे लावावे? शिवाय माझी पहिली पन्नास पाने उत्तम गेली. कंटाळा पुढे आला, आणि त्याचे काय करावे हे हा नियम सांगत नाही.

बँकेतील नोकरी आणि घरचे सगळे आटोपल्यावर वाचनासाठी मला रात्रीचा तासभर मिळतो. हे पुस्तक हातात असेपर्यंत मी दुसरे काही वाचत नाही, त्यामुळे एका पुस्तकापायी वाचनच थांबल्यासारखे झाले आहे. आपण असा निर्णय कसा घेता, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : अर्थविचार (कोल्हापूर)

पैलतीर ताई, मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाकडे प्रथम त्याच बाजूने पाहतो. “एवढी पावणेदोनशे पाने वाचली, आता कसे सोडायचे” हा विचार मनात येत असेल, तर त्याला आमच्या विषयात बुडीत खर्च म्हणतात. जो वेळ आणि जो पैसा गेला तो कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, म्हणून पुढचे ठरवताना तो हिशेबात धरू नये, असे शास्त्र सांगते. माणसे मात्र तो हमखास धरतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काही ग्राहकांना पूर्ण किमतीला म्हणजे १५ डॉलरना, काहींना १३ डॉलरना आणि काहींना ८ डॉलरना दिली होती, आणि सवलत कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. नाटके सर्वांना तीच होती, तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक अधिक नाटकांना हजर राहिले. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. मोजलेल्या किमतीचा दबाव काळाबरोबर ओसरतो, असा अर्थ मी त्यातून घेतो. म्हणून नवेकोरे, महागडे पुस्तक अडले तर निर्णय लगेच न घेता काही महिने जाऊ द्यावेत आणि मग स्वतःला विचारावे.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी हे तत्त्व जसेच्या तसे लावत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा येथेच आहे. पाहिलेले नाटक पुढच्या नाटकाला उपयोगी पडत नाही, पण कादंबरीची वाचलेली पाने पुढच्या पानांना उपयोगी पडतात. पात्रांची नाती, गावाची रचना, लेखकाच्या वाक्याची सवय हे सारे आपण त्या पावणेदोनशे पानांत कमावलेले आहे. तो खर्च तर आहेच, पण काही अंशी ते भांडवलही आहे, आणि पुढची पाने त्यामुळे कमी कष्टाची व्हायला हवीत. म्हणून मी पाहतो ते हे, की शंभराव्या पानावर जितके कष्ट पडत होते त्याहून आज कमी पडत आहेत की तेवढेच. वाचून वाचून वाट सोपी होत नसेल, तर भांडवल जमत नाही असे समजावे आणि पुस्तक बंद करावे. आदल्या दिवशीची पाने रोज पुन्हा वाचावी लागत असतील, तर आपले उत्तर मला जवळजवळ स्पष्ट दिसते.

उत्तर : पोथीघर (सातारा जिल्हा)

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी सारी नोकरी झाली, म्हणून वाचकांपेक्षा पुस्तकांनी मला जे सांगितले ते लिहितो.

बऱ्याच वर्षांच्या वापरातले जाड पुस्तक मिटून त्याची उघडण्याकडची कड पाहावी. हातांच्या वापराने ती कड मळते, पण सारखी मळत नाही. काही कादंबऱ्यांची कड पहिल्या दोन बोटांच्या जाडीपर्यंत काळसर असते आणि पुढे एकदम पांढरी होते, जणू तिथे कोणी रेघ ओढली आहे. काहींची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी मळलेली असते. आतल्या मुदतीच्या कागदावर दोन्ही पुस्तकांच्या तारखांचे शिक्के सारखेच दाटीने उमटलेले असतात, म्हणजे दोन्ही पुस्तके नेली गेली तेवढीच. पण वाचली गेली निरनिराळी. पहिल्या प्रकारात रेघ ज्या पानाशी येते ते पान मी उघडून पाहत असे. बहुतेक वेळा तिथे कथानकातील एक काळ संपून दुसरा सुरू झालेला असे, किंवा निवेदन करणारा बदललेला असे. एवढे वाचक एकाच ठिकाणी थांबले असतील तर त्यांच्यापैकी प्रत्येकाची चिकाटी कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती जागाच चढणीची असते. अशा चढणीवर पुढची वीस-पंचवीस पाने ओलांडून पाहावे आणि नवा भाग स्थिरावतो का ते तपासावे, असे मी सभासदांना सांगत असे. कित्येकांना ते लाभले.

वाचनालयात पुस्तक अर्धवट परत करणारे सभासद ओशाळून बोलतात, हे मला फार खटकत असे. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे आहे. दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे आहे आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे आहे. एका वाचकाने पंधरा दिवस, मग मुदत वाढवून आणखी पंधरा दिवस न उघडलेले पुस्तक घरी ठेवले, तर ही तिन्ही सूत्रे एकदम मोडतात, कारण दुसरा कोणी त्याच पुस्तकासाठी नाव लावून बसलेला असतो. सोडलेले पुस्तक परत आलेच पाहिजे, ते लवकर आले पाहिजे, आणि त्याबद्दल कोणीही कोणाला बोल लावता कामा नये.

आपण पुस्तक विकत घेतलेले दिसते, त्यामुळे मुदतीचा धाक नाही. स्वतःला मुदत घालून घ्या. मुदत ही पानांच्या नियमापेक्षा चांगली, कारण ती पुस्तकाच्या जाडीवर अवलंबून नसते. पंधरा दिवसांत पुस्तक आपण होऊन एकदाही उघडावेसे वाटले नाही, तर ते फडताळात ठेवावे.

उत्तर : तुळसीवृंदावन (फोंडा, गोवा)

सुरू केलेले वाचन पुरे केलेच पाहिजे ही जी बोच आपल्याला लागते, ती कुठून आली याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आमच्या पिढीत घरातले पहिले सलग वाचन म्हणजे पारायण होते. गुरुचरित्राचा सप्ताह बसला की सात दिवसांत ग्रंथ पुरा करायचा, रोजचे अध्याय ठरलेले, वाचन चालू असताना मध्ये उठायचे नाही, खाण्यापिण्याचे आणि झोपण्याचेही नियम पाळायचे. पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी मुले अशा घरांत वाढली आणि पुढे कथा-कादंबऱ्या वाचू लागली, तेव्हा पारायणाचा नियम न सांगता कादंबऱ्यांनाही लागू झाला.

तो नियम मी कमी लेखत नाही. पारायण हा संकल्प असतो. मनुष्य ते देवापुढे बोलून सुरू करतो आणि त्याची पूर्तता हा त्याच्या निष्ठेचा भाग असतो. कादंबरी हाती घेताना आपण असा कोणताही संकल्प सोडत नाही. जी गोष्ट कोणाला कबूल केली नाही, ती मोडल्याचे दुःखही करू नये.

आणि त्याच परंपरेने दुसरीही वाट दाखवून ठेवली आहे. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत आणि तिची पारायणे गावोगाव होतात, तरी संत नामदेवांच्या नावावरच्या अभंगात सांगितले आहे ते असे: ‘नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी । एक तरी ओवी अनुभवावी ॥’. नऊ हजारांतली एक ओवी, पण ती अनुभवलेली असावी. माझ्या सासूबाई बाराव्या अध्यायापलीकडे कधी फारशा गेल्या नाहीत. पण त्या अध्यायातील भक्ताची लक्षणे त्यांना तोंडपाठ होती, आणि घरात कोणी कोणाला टाकून बोलले की त्यांपैकी एखादी ओवी त्या नेमकी म्हणत. त्यांचे वाचन अर्धवट राहिले असे म्हणण्याची माझी छाती होणार नाही.

पैलतीर, पावणेदोनशे पानांत आपल्याला असे काही लाभले आहे का, जे पुस्तक मिटल्यावरही आपल्यापाशी राहील? तसे असेल तर समाधानाने थांबा. काहीच लाभले नसेल तर मी आणखी थोडे वाचा म्हणेन, कारण एवढ्या मोठ्या लेखकाकडून रिकाम्या हाताने परतणे बरे नव्हे.

उत्तर : पडद्याआड (दुबई)

कथा-कादंबऱ्यांखेरीजच्या पुस्तकांविषयी एक छोटी भर घालतो. गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी २०१४ साली किंडल या ई-पुस्तक वाचण्याच्या उपकरणावरील वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली वाक्ये पुस्तकात किती पुढे सापडतात, यावरून एक निर्देशांक तयार केला आणि स्टीफन हॉकिंग यांच्या गाजलेल्या पुस्तकावरून त्याला नाव दिले. तोमा पिकेटी यांच्या भांडवलावरील जाडजूड ग्रंथात ही वाक्ये सरासरीने पहिल्या २.४ टक्क्यांतच आटोपली होती, म्हणजे बहुतेक वाचक तेवढ्यातच थांबले असावेत. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे, पण पोथीघर यांनी सांगितलेल्या मळलेल्या कडेशी ते अगदी जुळते. अशा ग्रंथांत लेखक बहुधा आपले सारे म्हणणे प्रस्तावनेत मांडतो आणि पुढे पुरावे देतो, म्हणून ज्याला पुरावे तपासायचे नाहीत त्याने प्रस्तावना, हवी ती दोन प्रकरणे आणि शेवटची सूची पाहून पुस्तक ठेवले तर ते पुस्तक सोडले असे मी मानत नाही.

उत्तर : तापीकाठ (पुणे)

मी मूळची जळगाव जिल्ह्यातील असून अनुवादाचे काम करते. वरील उत्तरांतील बराच भाग मला पटला, तरी अर्थविचार सरांच्या कसोटीबद्दल मतभेद नोंदवायचा आहे. वाचन सोपे होत गेले पाहिजे ही अपेक्षा कथानकावर चालणाऱ्या कादंबरीला लागू पडते, पण प्रत्येक चांगल्या पुस्तकाला नाही. उंबेर्तो इको यांनी ‘द नेम ऑफ द रोज’ या १९८० साली आलेल्या कादंबरीविषयी नंतर लिहिले आहे, की पहिली शंभर पाने कमी करावीत असे मित्रांनी आणि संपादकांनी सुचवले होते आणि त्यांनी ते मानले नाही. मठात येऊन सात दिवस राहायचे असेल तर वाचकाने मठाची लय स्वीकारली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे कष्ट हा लेखकाने जाणूनबुजून ठेवलेला प्रवेश आहे. म्हणून कष्ट किती पडतात याहून ते कशाचे आहेत, हे मी पाहते.

माझ्या अनुभवात हे कष्ट निरनिराळ्या जातीचे असतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो. वाक्ये जड जातात, पण प्रत्येक पानावर एखादी गोष्ट अशी सापडते की जी अन्य कोठे वाचलेली नसते, तेव्हा मी पुस्तक सोडत नाही, वाचण्याची वेळ बदलते. दिवसभराच्या कामाने शिणलेल्या डोक्याने रात्री अकरा वाजता जे पुस्तक कंटाळवाणे वाटते, ते रविवारी सकाळी अनेकदा तसे वाटत नाही. याच्या उलट, वाक्य निम्मे वाचताच उरलेले निम्मे मला आधीच कळू लागले, पात्र खोलीत आले की ते काय बोलणार हे ठाऊक असले, तर वाचन कितीही झरझर होत असो, मी ते पुस्तक तेथेच मिटते. माझ्या मते सोडण्याची सर्वांत भरवशाची खूण हीच आहे, आणि गंमत अशी की अशी पुस्तके सोपी असल्यामुळे लोक ती हमखास पुरी करतात.

अनुवादित पुस्तकाबाबत मात्र आणखी सावध राहावे लागते. मूळ भाषेतील क्रियापदांची रचना मराठीत तशीच ओढून आणलेली असेल, तर वाचक थकतो आणि दोष मूळ लेखकाच्या माथी मारला जातो. रशियन कादंबऱ्यांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहिले आहे. तेथे पुस्तक सोडण्यापूर्वी दुसरा अनुवाद, हिंदी किंवा इंग्रजीतला का असेना, मिळवून तेच प्रकरण वाचून पाहावे.

आता ‘हिंदू’विषयी. खंडेरावाचे वडिलांकडे परतणे हा धागा मुद्दाम बारीक ठेवलेला आहे आणि त्यावर गावाच्या, कुळाच्या, जातीजातींच्या, बायकांच्या किती तरी कहाण्या ओवलेल्या आहेत. त्यामुळे ‘पुढे काय झाले’ असे विचारत वाचणाऱ्याची दमछाक होणारच. आपण आदल्या दिवशीची पाने धागा शोधण्यासाठी पुन्हा वाचता, असे लिहिले आहे. धागा शोधू नका. एका बैठकीत एका माणसाची कहाणी पुरी वाचा, ती जेथे संपते तेथेच थांबा, मग ती पाच पाने असोत की पंचवीस. खानदेशी वळणाचे संवाद आले की ते मोठ्याने वाचा. आमच्याकडची बोली डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. मी स्वतः ही कादंबरी मध्ये दुसरी पुस्तके वाचत, दीर्घ काळात पूर्ण केली आणि तिच्यातील कोणतीच कहाणी त्यामुळे पुसट झाली नाही. एका वेळी एकच पुस्तक वाचण्याचा आपला जो नेम आहे, तो आधी सोडून पाहावा असे मला सुचवावेसे वाटते.

पैलतीर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण विचारपूर्वक लिहिल्यामुळे माझा प्रश्नच थोडा बदलला आहे.

अर्थविचार सर, आपली कसोटी मी प्रामाणिकपणे लावून पाहिली. कष्ट कमी झालेले नाहीत हे खरे, पण ते धागा हरवण्याचे आहेत, भाषेचे नाहीत. भाषा आता मला पहिल्या पन्नास पानांपेक्षा नक्कीच जवळची वाटते, म्हणजे भांडवल काही अंशी जमले आहे. तुळसीवृंदावन ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. घरातल्या बायकांविषयीचा जो भाग मी वाचला, तो मला दिवसा कामाच्या वेळीही आठवत राहतो.

पोथीघर काकांची मुदतीची सूचना आणि तापीकाठ यांची एका कहाणीपुरत्या बैठकीची सूचना मी एकत्र अमलात आणणार आहे. कादंबरी रविवार सकाळसाठी राखून ठेवते आणि आठवड्याच्या रात्री दुसरे पुस्तक सुरू करते. दिवाळीपर्यंत एकाही रविवारी ती आपण होऊन उघडावीशी वाटली नाही, तर ती आमच्या येथील वाचनालयाला देऊन टाकेन.

तापीकाठ, एक विनंती. वाचलेल्या भागातले जे खानदेशी शब्द मला संदर्भाने कळले नाहीत, त्यांची यादी येथेच दिली तर आपण अर्थ सांगाल का?

तापीकाठ (पुणे)

अवश्य सांगेन. शब्दाबरोबर ते संपूर्ण वाक्य आणि पान क्रमांकही द्यावा, कारण आमच्याकडे रावेर-यावलकडचा आणि धुळ्याकडचा अर्थ पुष्कळदा वेगळा असतो.